सिकलसेल, आदिवासी मुलांच्या गोष्टी आणि ४० टक्क्यांची अट

नागपूर गोंड राजाने वसवले. गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा इथल्याच एका मिशनऱ्याने टिपून ठेवली, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये ती छापली गेली. ती परधानांनी, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकांनी, गायलेली मोठ्यांची गाथा. विदर्भातल्या आदिवासी मुलांच्या गोष्टींतले अपंगत्व समजून घ्यायचे, तर मात्र सुरुवात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून करावी लागते.

भारतात हा आजार नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींत. पुढे पूर्व विदर्भात आदिवासींबरोबर अनुसूचित जातींतही तो मोठ्या प्रमाणावर आढळला. थंडी, अतिश्रम किंवा अंगातले पाणी कमी झाले की कळा उठतात, हाडे ठणकतात. काही दिवसांनी तेच मूल पुन्हा खेळायला लागते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या सात प्रकारांत अशा येत्या-जात्या दुखण्याला जागाच नव्हती.

२०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि त्यांत सिकलसेल घेतला. गुंता इथेच झाला. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागांवर हक्क मिळाला. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांत मात्र सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्ही रक्तविकारांना वगळले. म्हणजे कॉलेजात दिव्यांग ठरलेली मुलगी नोकरीच्या अर्जात धडधाकट ठरते. कळा काही पदवीनंतर थांबत नाहीत, त्यामुळे हा निर्णय अन्यायाचाच आहे. टक्केवारीचीही अडचण आहेच: तपासणीच्या दिवशी अंग दुखत नसले, तर प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे उभे राहते ते हसते-चालते मूल.

गोष्टीत टक्के नसतात, दिवस असतात. पुसाच्या थंडीत नदीत न उतरणारा भाऊ, मोह वेचायला पहाटे न गेलेली बहीण, तिच्या वाटची टोपली भरून आणणारी मैत्रीण हे सगळे गोष्टीत मावते. आज तिला जमत नाही, एवढे सांगितले की पुरे. ती अपंग की निरोगी, हे ठरवायची गरज पडत नाही.

२०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीनंतर वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण आजार पुढच्या पिढीत जाऊ शकेल असा) कोण आणि रुग्ण कोण, हे मुलांना गोंडीत, माडियात समजावून द्यावे लागते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरी ती भाषा अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्यात मुलांसाठी छापलेली पुस्तके थोडकीच आहेत.