निरोगी स्थूलता

निरोगी स्थूलता : वजन स्थूलतेच्या पातळीचे (बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, ३० वा अधिक), परंतु रक्तदाब, रक्तशर्करा व रक्तातील मेद मर्यादेत, अशी अवस्था.

संकल्पनेच्या मुळाविषयी मतभेद आहेत. मार्सेयचे वैद्य झाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये पोटावरची चरबी नितंब-मांड्यांवरच्या चरबीपासून वेगळी काढली व मधुमेहाचा संबंध पहिलीशी जोडला. काहीजण येथूनच सुरुवात मानतात. मात्र व्हाग यांचा भर चरबीच्या जागेवर होता. संज्ञेपुरते पाहता अमेरिकी वैद्य ईथन सिम्स यांचा २००१ मधील लेख जवळचा वाटतो. त्याच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह होते. पुढच्या वापरात ते गळाले.

खरी अडचण व्याख्येची आहे. समजा, एका स्थूल स्त्रीची कंबर ८६ सेंमी., उपाशीपोटी साखर १०४, रक्तदाब १३२/८४ आणि मेद ठीक. २००१ च्या अमेरिकी निकषांत (कंबर ८८ सेंमी., साखर ११०) तिचा फक्त रक्तदाब खटकतो, म्हणून चयापचय-विकार (अशा अनेक बाबी एकत्र बिघडणे) नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २००५ च्या निकषांत दक्षिण आशियाई स्त्रीसाठी कंबर ८० सेंमी. आणि साखर १०० धरतात. त्यानुसार तीच स्त्री विकारग्रस्त ठरते. या अवस्थेच्या प्रमाणाचे आकडे अभ्यासागणिक इतके का हलतात, ते यावरून कळते.

धोका नाही, हे मत आता मागे पडले आहे. ब्रिटनमधील सु. ३५ लाख लोकांच्या नोंदींत (२०१७) सडपातळ निरोगी लोकांच्या तुलनेत निरोगी स्थूल लोकांत हृदय-धमनीविकार ४९%, तर हृदय निकामी होण्याचे प्रमाण ९६% अधिक आढळले. पक्षाघातातील फरक किरकोळ. शिवाय ही अवस्था टिकत नाही. अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत अशा बहुतेक स्त्रियांना २० वर्षांत मधुमेह, उच्च रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी जडले. त्वचेखालच्या चरबीची साठवण अपुरी पडली की मेद यकृतात व आतड्यांभोवती जातो, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. गुडघ्यांची झीज आणि झोपेत श्वास अडणे रक्ततपासणीत दिसतच नाही.

भारतात उलट बाजू, म्हणजे वजन बेताचे पण शरीरात चरबी जास्त, ही अधिक अभ्यासली गेली. मधुमेहाचे संशोधक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात आले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१%, याज्ञिक यांची २१.२%. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा २००९ पासून ३० ऐवजी २५ वर धरतात.