पोशाखी घड्याळ

पोशाखी घड्याळ : सूट, बंदगळा किंवा अशाच औपचारिक पोशाखावर घालायचे पातळ, साध्या तबकडीचे मनगटी घड्याळ. दुकानांत ‘ड्रेस वॉच’ हाच शब्द चालतो. गोव्यातल्या घरांत त्याला वेगळे नाव क्वचितच असते. एक रोजचे घड्याळ आणि एक ‘बरे’ घड्याळ अशी वाटणी असते. त्यातले हे बरे. वर्षातले बहुतेक दिवस ते कपाटात पडून असते आणि लग्न, स्वागत समारंभ, पदवीदान किंवा चर्चचे फेस्त आले की बाहेर निघते. त्याची निवड करताना युरोपात ठरलेले संकेत आणि कोकणपट्टीची दमट हवा यांची गाठ पडते. संकेत कुठे पाळायचे आणि कुठे हवेचे ऐकायचे, हा या विषयाचा गाभा आहे.

पुरुषांच्या मनगटावर घड्याळ तसे उशिराच आले. एकोणिसाव्या शतकात मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पुरुषांचे घड्याळ साखळीला बांधून जाकिटाच्या खिशात असे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालण्याची सवड नव्हती, आणि तिथून मनगटी घड्याळ पुरुषांचे झाले. त्याआधी १९०४ मध्ये ब्राझिलचा वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याच्यासाठी कार्टिए या पॅरिसच्या पेढीने मनगटी घड्याळ बनवले होते. याच पेढीच्या ‘टँक’ची आखणी १९१७ ची. पाटेक फिलिप या स्विस पेढीचे ‘कालात्राव्हा’ १९३२ मध्ये आले आणि गोल, कोऱ्या तबकडीचे पोशाखी घड्याळ कसे दिसावे याचा नमुना बहुतेकांनी त्यावरूनच घेतला. दुसऱ्या एका स्विस पेढीचे १९३१ चे ‘रिव्हर्सो’ मात्र आपल्याकडच्या मैदानामुळे जन्मले. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून तबकडी उलटी फिरवून आत लपवण्याची सोय त्यात केली गेली. खेळासाठी काढलेले ते चौकोनी घड्याळ आज समारंभातच जास्त दिसते.

संकेत थोडक्यात असे : घड्याळ पातळ असावे, तबकडीवर तास आणि मिनिटकाटा पुरे, सेकंदकाटा असल्यास लहान. तारीख-वार, स्टॉपवॉचची बटणे, रेडियमचे जाडजूड आकडे नकोत. पट्टा चामड्याचा, बुटांच्या रंगाचा. सर्वांत कडक युरोपीय पोशाखावर, म्हणजे पांढरा बो आणि शेपटीच्या कोटावर, मनगटी घड्याळ मुळीच घालत नसत. यजमानाच्या घरी सारखी वेळ बघणे म्हणजे कधी एकदा निघतो असे सांगणे, हे त्यामागचे कारण. आपल्याकडे पंगतीला बसून घड्याळ बघणाऱ्याला लोक काय म्हणतात ते आठवले की हा संकेत परका वाटत नाही.

या सगळ्यांत जाडी सर्वांत महत्त्वाची, आणि ग्राहक नेमका तिचा विचार शेवटी करतो. आधी कंपनी, मग रंग, मग किंमत आणि घरी आल्यावर कळते की शर्टाची बाही घड्याळावर बसतच नाही. साध्या शिसपेन्सिलीची जाडी सुमारे सात मिलिमीटर असते. घड्याळ तेवढे किंवा त्याहून एक-दोन मिलिमीटर जास्त असेल तर ते कफाखाली सहज सरकते. बारा-तेरा मिलिमीटरचे अडकते. दुकानात जाताना समारंभाचाच शर्ट घालून जावे, कफाचे बटण लावावे, हात खाली सोडावा आणि मग कोपरात वाकवावा. कफ मागे सरून घड्याळ दिसले आणि हात खाली येताच पुन्हा झाकले गेले, तर ते जमले. कफ घड्याळावर चढून तिथेच गोळा झाला, तर पुढे बघण्यात अर्थ नाही. कोटाच्या बाहीबाहेर शर्ट साधारण एक-दीड सेंटिमीटर दिसतो आणि घड्याळाची जागा त्याच्या आत असते. व्यासाचे म्हणाल तर सोळा-सतरा सेंटिमीटर घेराच्या मनगटाला ३५ ते ३८ मिलिमीटर शोभतात. पट्टा जोडायची टोके मनगटाच्या कडेबाहेर लटकत असतील तर आकडा काहीही असो, घड्याळ मोठेच आहे. पातळपणात भारतीय कारागिरी मागे नाही. टायटनचे ‘एज’ हे सेलवरचे घड्याळ २००२ मध्ये आले, त्याची एकूण जाडी साडेतीन मिलिमीटर होती.

गोव्यात मनगटी घड्याळाचा प्रवास शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा थोडा वेगळा झाला. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केली, पण लोहखनिजाच्या निर्यातीचा पैसा येत होता आणि पोर्तुगीज अमलातल्या बाजारात परदेशी माल मिळत होता. सीमेपलीकडे ज्याला चोरटा माल म्हणत, तो इथे दुकानात उघड मांडलेला असे. स्विस घड्याळे त्यातलीच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने (एचएमटी) जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना उभा केला होता. त्यामुळे पुढच्या पिढीच्या मनगटावर एचएमटी आली. चावीची ‘जनता’ रोजच्या वापराला आणि पातळ, सोनेरी ‘सोना’ समारंभाला. जावयाला लग्नात घड्याळ देण्याची रीतही याच काळात पक्की झाली आणि त्यात एचएमटीच्याच ‘कांचन’चा मान मोठा होता. दुसरी वाट समुद्रावरची. जहाजांवर नोकरी करणारे तारवटी आणि आखातात गेलेले लोक सुट्टीवर येताना सिटिझन, सेको, राडो घेऊन येत. ही घड्याळे बहुधा जाड, चमकदार आणि चेनची असत. संकेताच्या काटेकोर मापाने ती पोशाखी नव्हेत. पण बाबांनी जहाजावरून आणलेले घड्याळ मुलगा लग्नात कोटाखाली घालतो, तेव्हा मापपट्टी काढण्यात अर्थ नसतो.

आता पट्टा. गोव्यात खरी अडचण इथे आहे. चामड्याचा पट्टा हा संकेत थंड, कोरड्या देशांत ठरला. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चामडे घाम शोषते, घामातले मीठ आत साचते, पट्टा कडक होतो, भोकांजवळ चिरतो आणि वास मारू लागतो. प्रस्तुत लेखकाने एकदा मे महिन्यातल्या लग्नानंतर काळ्या पट्ट्याचे घड्याळ घाम न पुसता डबीत बंद केले. चतुर्थीला डबी उघडली तेव्हा पट्ट्यावर पांढरट-हिरव्या बुरशीची लव उभी होती, आतल्या बाजूला बकलाचा गंज उमटला होता आणि डबीच्या मखमलीलाही तोच वास लागला होता. घड्याळ शाबूत होते. पट्टा टाकावा लागला.

यावर उपाय साधे आहेत. घातलेले घड्याळ रात्री मऊ कपड्याने पुसून उघड्यावर सुकू द्यावे. डबीत सिलिकाची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात ती अधूनमधून बदलावी. एकाच घड्याळाला दोन पट्टे असावेत हे उत्तम : नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या लग्नसराईत चामड्याचा, एरवी बारीक जाळीची पोलादी चेन. जाळीची चेन कफाखाली पातळच राहते आणि पोशाखाला खटकत नाही. पट्टा बदलणे म्हणजे दोन पिना काढून घालणे. घड्याळजी ते पाच मिनिटांत करतो आणि एकदा पाहिले की घरीही जमते. खरेदीच्या वेळी टोकांमधली रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर आहे का ते विचारून घ्यावे, म्हणजे पट्टे कुठेही मिळतात. चामड्याचा हट्टच असेल तर आतून रबरी अस्तर असलेला पट्टा घामाला जास्त टिकतो.

पाण्याचीही एक गैरसमजूत इथे नोंदवायला हवी. पाठीवर ‘३० मीटर’ असे कोरलेले असले म्हणजे ते घालून पोहता येते असे नाही. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा असतो आणि व्यवहारात त्याचा अर्थ हात धुताना उडणारे शिंतोडे चालतील एवढाच. बहुतेक पोशाखी घड्याळे याच वर्गातली असतात, म्हणून किनाऱ्यावरच्या लग्नात वाळूत आणि लाटांत उतरण्याआधी ती काढावीत. दमट अंगणातून वातानुकूलित सभागृहात शिरल्यावर काचेच्या आत वाफ धरली, तर आतली रबरी रिंग गेली आहे असे समजावे आणि घड्याळजीकडे जावे. वाफ आपोआप जाते, पण आत शिरलेला दमटपणा जात नाही. तो यंत्राला गंजवतो.

रंग जुळवण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही : काळ्या बुटांवर काळा पट्टा, तपकिरीवर तपकिरी. धातूचे मात्र आपल्याकडे वेगळे गणित आहे. युरोपीय सल्ला सांगतो की घड्याळाचा रंग अंगठीशी आणि कफलिंकशी जुळावा. महागडी सोन्याची घड्याळे १८ कॅरटची, म्हणजे ७५ टक्के सोन्याची असतात. स्वस्त असतील तर त्यांच्यावर नुसता मुलामा असतो. आपली अंगठी आणि साखळी २२ कॅरटची, म्हणजे जवळपास ९२ टक्के सोन्याची, गडद पिवळी. शेजारी ठेवली की घड्याळाचे सोने फिके आणि हलके दिसते. जुळवण्याच्या नादात हा विजोडपणा ओढवून घेण्यापेक्षा पोलादी, रुपेरी घड्याळ घ्यावे. ते सोन्याशी बरोबरी करायला जातच नाही.

गोव्यातला ‘औपचारिक’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. कॅथलिक लग्नात, म्हणजे काजारात, नवरा आणि बेस्टमन गडद सुटात असतात आणि तिथे वरचे संकेत जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात. हिंदू लग्नाच्या स्वागत समारंभात सुटाबरोबर जोधपुरी, कुर्ता आणि जाकीट असते. कुर्त्याची बाही सैल असल्याने थोडे जाड घड्याळही चालून जाते. नोव्हेंबरात पणजीला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला बंदगळे दिसतात. त्याच्या अरुंद बाहीखाली पातळ घड्याळच बसते. कचेरीत मात्र मे महिन्यात अर्ध्या बाहीचा शर्ट हाच औपचारिक पोशाख असतो. त्याला कफच नाही, घड्याळ सदैव उघडे, म्हणून जाडीचा नियम तिथे सैल पडतो आणि तबकडीच्या साधेपणाचा मात्र आवळतो. अर्ध्या बाहीखालचे भले मोठे पाणबुड्याचे घड्याळ बोलणाऱ्याआधी बोलते.

काही प्रसंगी योग्य घड्याळ म्हणजे घड्याळ नसणे. लग्नविधीला नवरा सोवळ्यात बसतो तेव्हा चामड्याचा पट्टा चालत नाही, आणि देवळात गाभाऱ्याजवळ जाणारेही पट्टा, पाकीट, घड्याळ काढून ठेवतात. कॅथलिक घरांत लग्नाआधीच्या रोसाला नवऱ्यामुलाच्या अंगावर नारळाचा रस ओतला जातो, तर हिंदू घरांत तेल-हळद असते. दोन्हींकडे घड्याळ सांभाळायला भावाकडे किंवा बहिणीकडे जाते आणि ते परत कोणाकडून घ्यायचे याचा दुसऱ्या दिवशी शोध सुरू होतो. मुहूर्ताची वेळ पूर्वी घटिकापात्रावर मोजत : बुडाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. आता भटजी मोबाईल बघतात, त्यामुळे नवऱ्याच्या घड्याळाला तिथे तसेही काम नसते. जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकांत तर मनगटावर राहून गेलेले घड्याळ हा जुना विनोद आहे : सरदार तलवार उपसतो आणि बाहीखालून सोनेरी चेन चमकते.

स्त्रियांच्या बाबतीत संकेत मुळापासून वेगळे आहेत, कारण स्पर्धा बांगड्यांशी असते. चुडा भरलेल्या नवरीच्या हाताला घड्याळाची जागाच उरत नाही, आणि काचेच्या चुड्यावर धातू आपटला तर चुडा फुटतो. नऊवारीवर पाटल्या आणि बांगड्या असताना ज्यांना घड्याळ हवेच असते त्या बारीक सोनेरी कड्याचे, नखाएवढ्या तबकडीचे घड्याळ दुसऱ्या हातात एकटे घालतात. तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवण्याची जुन्या शिक्षिकांची सवय इथे उपयोगी पडते : पदर सावरताना काच कशावर आपटत नाही आणि वेळ बघितलेली कोणाला कळत नाही.

स्मार्ट घड्याळ पोशाखी ठरत नाही ते चौकोनी काळ्या पडद्यामुळे नव्हे, तर समारंभात ते मध्येच उजळते म्हणून. रोजच्या वापराला ते सोयीचेच. कोटाखाली घालायचे असेल तर पडदा बंद ठेवावा. किनारपट्टीवरच्या दुकानांत ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणाऱ्या नामांकित घड्याळांच्या नकलाही टाळाव्यात. मुलामा घामाने वर्षभरात उडतो आणि पितळ उघडे पडते. तेवढ्याच पैशांत साधे, खरे सेलवरचे घड्याळ येते.

एचएमटीची घड्याळे बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तरी घराघरांतल्या जुन्या ‘सोना’ अजून चालतात आणि सुटावर त्यांच्याइतकी जमणारी घड्याळे आज त्या किमतीत मिळणे कठीण. असे घड्याळ वारशाने आले असेल तर आधी ते घड्याळजीकडून उघडून साफ करून, तेल घालून घ्यावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले तेल घट्ट झालेले असते आणि तसेच किल्ली देत राहिल्याने चाके झिजतात. चावी घट्ट लागली की थांबावे, आणखी एक फेरा देऊ नये. तारीखवाले यांत्रिक घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये, त्या वेळी आतले दाते तारखेच्या चाकात गुंतलेले असतात. लग्नाच्या सकाळी घाईत हेच हमखास विसरते, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळच्या चहाच्या वेळीच काटे लावून ठेवावेत.