हिस्टेरेसिस (सॉफ्टवेअरमधील उपयोग)

एखाद्या व्यवस्थेची अवस्था फक्त आत्ताच्या इनपुटवरून ठरत नसेल आणि ते इनपुट कुठल्या बाजूने तिथवर आले यावरही अवलंबून असेल, तर त्या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात. हे नाव जेम्स आल्फ्रेड युइंग या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला दिले. तेव्हा तो टोकियोत शिकवत होता. लोखंडाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र शून्यावर आणले तरी लोखंडातले चुंबकत्व पूर्ण जात नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये यामुळे दर आवर्तनाला थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि हार्ड डिस्कवरचा बिट वीज गेल्यावरही टिकतो तो याच गुणामुळे.

प्रोग्रामरला हा गुण मुद्दाम आणावा लागतो. गच्चीवरच्या टाकीच्या ऑटोमॅटिक पंपाला दोन सेन्सर असतात. पाणी खालच्याच्या खाली गेले की पंप चालू, वरच्याला टेकले की बंद. मध्ये असताना जे चालले असेल तेच चालू राहते. एकच सेन्सर असता तर पाण्याच्या हेलकाव्यांनी मोटर सारखी चालू-बंद झाली असती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच काम श्मिट ट्रिगर करतो. ऑटो श्मिट याने तो १९३४ मध्ये विद्यार्थीदशेत, स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना शोधला. ७४एलएस१४ या चिपमध्ये चढता सिग्नल साधारण १.६ व्होल्टला ओळखला जातो आणि उतरता ०.८ व्होल्टला, म्हणजे मधली खरखर आउटपुटपर्यंत पोचतच नाही.

सॉफ्टवेअरमधले सोपे उदाहरण आकार बदलणाऱ्या ॲरेचे, म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेल्या घटकांच्या यादीचे. भरला की क्षमता दुप्पट करायची, हे ठीक. पण अर्धा रिकामा होताच क्षमता निम्मी केली तर १६ घटकांच्या सीमेवर गंमत होते: सतरावा घटक टाकला की क्षमता ३२, तो काढला की पुन्हा १६, आणि दर खेपेला सगळे घटक कॉपी. म्हणून पाव भाग उरल्यावरच निम्मी करतात. लिनक्समध्ये मोकळी मेमरी ‘लो’ खुणेखाली गेली की केस्वॉपडी (मेमरी मोकळी करणारा पार्श्वभूमीतला प्रोग्राम) जागा होतो आणि ‘हाय’ खुणेपर्यंत मेमरी मोकळी करूनच झोपतो.

दोन मर्यादांमधले अंतर किती ठेवायचे, इथे लोक फसतात. ते खरखरीपेक्षा मोठे हवे हे बहुतेकांना सुचते. आपल्याच कृतीचा परिणाम मात्र हिशेबातून सुटतो. समजा, सीपीयू सरासरी ७० टक्क्यांवर गेला की एक सर्व्हर वाढवायचा आणि ५० खाली आला की एक कमी करायचा. दोन सर्व्हर ७१ टक्क्यांवर आहेत. तिसरा आला की तोच भार तिघांत वाटून सरासरी ४७ होते. झाले, लगेच एक कमी! पुन्हा ७१. वीस टक्क्यांचे अंतर कागदावर भरपूर दिसते, पण दोन-तीन सर्व्हरना ते पुरत नाही. दहावरून अकरावर जाताना मात्र सरासरी ६४-६५ वरच येते आणि हाच नियम बिनतक्रार चालतो. त्यामुळे मोठ्या क्लस्टरवर (सर्व्हरच्या गटावर) पारखलेली कॉन्फिगरेशन फाइल छोट्यावर जशीच्या तशी उचलू नये. कुबरनेटीस या क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा ऑटोस्केलर पॉड (प्रोग्रामच्या चालू प्रती, इथे सर्व्हरच्या जागी) कमी करण्यापूर्वी, वेगळे सांगितले नसेल तर, मागच्या ३०० सेकंदांचा मागोवा घेतो. पण तो वेळेचा उपाय आहे, मर्यादांचा नव्हे. भार स्थिर असेल तर त्याने वरच्यासारखी ये-जा नुसती संथ होते.

हिस्टेरेसिस आणला की स्मृती आली. मोकळी डिस्क १० टक्क्यांखाली गेल्यावर अलर्ट आणि १५ च्या वर गेल्यावर तो बंद, असा नियम असेल तर १२ टक्के या आकड्यावरून अलर्ट चालू आहे की बंद हे सांगता येत नाही. साहजिकच टेस्टमध्ये एकेक आकडा देऊन भागत नाही, चढती आणि उतरती अशी मालिका द्यावी लागते. मॉनिटर करणारी प्रोसेस मधेच रीस्टार्ट झाली तर मागची अवस्था डिस्कवर किंवा डेटाबेसमध्ये असावी लागते. नसेल तर मधल्या पट्ट्यात काय धरायचे ते कोडमध्ये आधीच ठरवून ठेवावे लागते. अलर्टसाठी ‘चालू’ धरणे बरे, कारण एक जादा मेसेज परवडतो. एकाच मशीनकडे दोन मॉनिटर पाहत असतील आणि त्यातला एक उशिरा सुरू झाला असेल, तर दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात आणि दोघेही नियमाप्रमाणे बरोबर असतात.