फ्रिक्वेन्सी रेट आणि सिव्हिरिटी रेट: दोन्ही कमी, तरी कामगार कुठे आहे?

कारखान्याच्या सेफ्टी कमिटीच्या बैठकीत अपघातांचे हे दोन आकडे एका दमात वाचले जातात, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. दोन्हींचा छेद एकच: वर्षभरात सगळ्यांनी मिळून केलेले कामाचे तास. दोन्हींना 10 लाखांनी गुणायचं. फरक आहे तो अंशात. फ्रिक्वेन्सी रेट मोजतो किती जणांना जखमेमुळे काम बुडवावं लागलं, आणि सिव्हिरिटी रेट मोजतो त्यापायी किती दिवस बुडाले. आपल्याकडे ही पद्धत आयएस 3786 या भारतीय मानकात दिलेली आहे.

समजा, 500 कामगार, प्रत्येकी वर्षाला 2400 तास, म्हणजे एकूण 12 लाख तास. सहा जण जखमी झाले, मिळून 60 दिवस घरी बसले. फ्रिक्वेन्सी 5, सिव्हिरिटी 50. शेजारच्या तेवढ्याच मोठ्या कारखान्यात वर्षात दोनच अपघात. एक जण 10 दिवस घरी होता, दुसरा क्रेनवरून सुटलेल्या मालाखाली सापडून गेला. मृत्यूला मानकाप्रमाणे 6000 दिवस धरतात. इथे फ्रिक्वेन्सी 1.67 आणि सिव्हिरिटी 5008. फक्त पहिला आकडा पाहून बक्षीस द्यायचं ठरलं, तर ते या दुसऱ्या कारखान्याला जाईल.

परदेशी कंपनीच्या आकड्याशी तुलना करताना आधी कितीने गुणलंय ते विचारावं. अमेरिकेत 10 लाखांऐवजी 2 लाख तास धरतात (100 माणसं, आठवड्याला 40 तास, वर्षाचे 50 आठवडे). वरचेच सहा अपघात तिथल्या हिशेबात 5 ऐवजी 1 होतात.

पण खरी गोम लाइट ड्युटीत, म्हणजे जखमी माणसाला दिलेल्या हलक्या कामात आहे. प्रेसवर (पत्रा दाबणाऱ्या मशीनवर) बोट चिरडलं, टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा फोन: 'ये, नुसता बसून राहा.' हाताला बँडेज बांधलेला तो माणूस स्टोअरमध्ये खुर्चीवर बसतो, हजेरी लागते. दिवस बुडालाच नाही, म्हणून तो फ्रिक्वेन्सीतही येत नाही आणि सिव्हिरिटीतही नाही. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे पगाराच्या 90 टक्के, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर घरी राहिलेल्या दिवसांसाठीच असतो, त्यामुळे तोही हुकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने, जमेल तेवढं काम देऊन माणसाला हळूहळू परत आणणं ही चांगली गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. दोन्ही प्रकार कागदावर सारखेच दिसतात, हे मात्र मला मान्य नाही. अमेरिकेतला 'डार्ट' नावाचा दर काम मर्यादित केलेल्या आणि दुसऱ्या कामावर बदली केलेल्या जखमींनाही मोजतो. आपल्या तक्त्यात तो रकाना हवाच.

परत येण्याचं मोजमाप तर या दोन्ही दरांच्या बाहेरच राहतं. माणूस गेटमधून आत आला की बुडालेल्या दिवसांची मोजणी थांबते. त्याच्या हाताचा अंगठा गेला असेल, तर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरलेलं होतं. पण प्रेस चालवण्यात मुरलेल्या माणसाला पुन्हा प्रेस मिळाली का, ओव्हरटाइम मिळतो का, की तो आता झाडलोट करतो, हे टक्केवारीतून कळत नाही.

कमिटीतल्या कामगार प्रतिनिधींनी दर तिमाहीला एवढं तरी मागावं: प्रत्येक जखमी माणूस सहा महिन्यांनी कोणत्या कामावर आहे, आणि हातात येणारा पगार आधीएवढा आहे का. कंत्राटी कामगारांची नोंद वेगळी मागावी. त्यांचे तास छेदात धरले आणि जखमा मात्र कंत्राटदाराच्या वहीत राहिल्या, तर दोन्ही दर आपोआप उतरतात, आणि जखमी माणसाच्या जागी दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा असतो.