मेडिकलवाला ‘अर्धा डॉक्टर’ नसतो

“ताप आलाय ना, मेडिकलमधून गोळी आण, तोही शिकलेलाच असतो.” हे घरोघरी ऐकू येतं. शिकलेला असतो हे खरंच, पण त्याचं शिक्षण औषधांचं, रोगनिदानाचं नव्हे. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे काउंटरवरून कळत नाही.

चिठ्ठीवरचं औषध देण्यासाठीही नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. दुकानातला मदतनीस औषध काढून देतो, ते फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच. नुसतं भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र म्हणजे देखरेख नव्हे, हे मला ठासून सांगायचंय.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांची यादी, लागू आहे. काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची आणि सवय लागणारी काही औषधं त्यात येतात. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं जपावी लागते.

मग फार्मासिस्ट कशासाठी? रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना कुणी वेदनाशामक मागितलं, तर धोका ओळखून “आधी डॉक्टरांना विचारा” म्हणणारा तोच.