चिनी इंग्रजीची जागा घेईल का? लेडीज डब्यातलं गणित

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गेल्या महिन्यात एक कागद चिकटवलेला होता: ‘उद्याच्या जगाची भाषा चिनी! मुलांना आजच मँडरिन शिकवा.’ त्याखाली बारीक अक्षरात, चिनी शिकल्याने मेंदूचे दोन्ही भाग जागे होतात आणि स्मरणशक्ती दुप्पट होते, असंही छापलं होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, “ताई, सातवीतल्या पोराला जर्मनला घालू की याला? तुम्ही कॉलेजात संख्याशास्त्र शिकवता, तुम्हीच सांगा.”

मेंदूचं आधी निकालात काढते. मेंदूचे दोन्ही भाग मराठी बोलतानाही जागेच असतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग काही वर्षांपूर्वी असेच बोकाळले होते. नाकाशेजारच्या फटीतून मुलं बघतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून दिल्यावरही पालक पैसे भरत राहिले. भाषा शिकणं ही मुळातच सुंदर गोष्ट आहे, तिला असल्या जाहिरातीची गरज नाही.

कागदावरचं पहिलं वाक्य मात्र चांगली शिकलेली माणसंही बोलून दाखवतात. चीनची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात, अर्थव्यवस्था जगात दुसरी, मग आज ना उद्या जग चिनी बोलणारच, असा तो हिशोब. मँडरिन, म्हणजे चिनी भाषांमधली सर्वांत मोठी भाषा, मातृभाषा असणारे ९० कोटींहून जास्त लोक आहेत. इंग्रजी मातृभाषा असणारे ४० कोटीही नाहीत. मातृभाषकांच्या डोक्यांवर निकाल लागायचा असता, तर इंग्रजी केव्हाच मागे पडली असती. ती पडलेली नाही, याचा अर्थ आपण चुकीची गोष्ट मोजतो आहोत.

मग काय मोजायचं? आब्राम द स्वान या डच समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक सोपा गुणाकार सुचवला. मला तो इतका आवडतो, की शीव ते ठाणे प्रवासात मी तो मनातल्या मनात करत बसते. आज तुम्हालाही करायला लावणार आहे.

लेडीज डब्यात २० बायका आहेत असं समजा. आकडे सोयीचे घेतले आहेत, जनगणनेचे नाहीत. मराठी मातृभाषा असलेल्या ९, त्यांतल्या ६ जणींना फक्त मराठी येते, तिघींना मराठी आणि हिंदी. गुजराती ५: एकीला फक्त गुजराती, तिघींना गुजराती आणि हिंदी, एकीला गुजराती आणि मराठी. तमिळ ४: दोघींना फक्त तमिळ, दोघींना तमिळ आणि हिंदी. हिंदी मातृभाषा असलेल्या २: एकीला फक्त हिंदी, एकीला हिंदी आणि मराठी.

आता मोजा. मराठी येणाऱ्या ११, हिंदी येणाऱ्या १०. म्हणजे डब्यातली सर्वांत मोठी भाषा मराठीच.

पण द स्वान म्हणतो, एवढ्यावर थांबू नका. ज्यांना दोन भाषा येतात त्यांच्याकडे वेगळं बघा, कारण एका भाषेतलं बोलणं दुसरीत नेणारी माणसं तीच. अशा दुभाषी बायका डब्यात १० आहेत. त्यांतल्या किती जणींना मराठी येते? ५. हिंदी? ९. आता प्रत्येक भाषेसाठी दोन अपूर्णांकांचा गुणाकार करायचा: सगळ्यांपैकी किती जणांना येते, गुणिले दुभाष्यांपैकी किती जणांना येते. मराठीसाठी ११/२० गुणिले ५/१०, म्हणजे ०.२७५. हिंदीसाठी १०/२० गुणिले ९/१०, म्हणजे ०.४५. याला आपण संपर्कमूल्य म्हणू.

दादर स्टेशनात उतरणारे सगळे काही दादरला राहत नाहीत. तिथे मध्य आणि पश्चिम रेल्वे एकमेकींना भेटतात, म्हणून आपण उतरतो. गुणाकारातला दुसरा अपूर्णांक हेच मोजतो: गाडी बदलायला लोक कुठे उतरतात.

खरी गंमत यापुढे आहे. फक्त तमिळ येणाऱ्या दोघींपैकी एकीने उद्या हिंदी शिकून घेतली, तर काय होईल? हिंदी येणाऱ्या ११, दुभाषी ११, त्यांतल्या हिंदीवाल्या १०. हिंदीचं मूल्य ०.४५ वरून ०.५० वर जातं. मराठीचं ०.२७५ वरून ०.२५ वर घसरतं, आणि डब्यातून एकही मराठी बाई उतरलेली नाही! तिच्यामागून शिकणाऱ्या बाईला आता हिंदीचं पारडं आणखी जड दिसणार, म्हणून तीही हिंदीच शिकणार. प्रत्येक शिकणारा पुढच्या शिकणाऱ्याचा निर्णय आधीच अर्धा घेऊन ठेवतो. सामाईक भाषा अशी वाढते.

मराठी वाचकाला हे आकडे टोचतील. मलाही टोचतात. म्हणून याच डब्यात उलटं गणित करून पाहिलं. फक्त तमिळ येणाऱ्या दोघी आणि फक्त गुजराती येणारी एक, अशा तिघींनी हिंदीऐवजी मराठी शिकली तर? मराठी येणाऱ्या १४, दुभाषी १३, त्यांतल्या मराठीवाल्या ८. मराठीचं मूल्य ०.४३ होतं, हिंदीचं ०.३५ वर येतं. तीनच बायकांनी पारडं फिरलं. आपण आपापसात मराठी बोलल्याने पहिला अपूर्णांक टिकतो, पण दुसरा वाढतो तो इतर भाषकांनी मराठी शिकल्याने. मुंबईत मराठीविषयी जिवाच्या आकांताने बोलणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा अपूर्णांक जवळ बाळगावा, असं मला फार वाटतं. भाजीवाल्याशी आपण हिंदीत घासाघीस करतो आणि त्याचा फोन वाजल्यावर कळतं की तो साताऱ्याचा आहे, याच सवयीने इतर भाषकांना मराठी शिकायची गरज वाटत नाही, आणि हा अपूर्णांक आपण स्वतःच्या हाताने अडवून ठेवतो.

आता डब्याच्या जागी जग ठेवा. मँडरिन येणारे एकूण लोक ११० कोटींच्या वर आहेत. त्यांतले साधारण २० कोटी ती दुसरी भाषा म्हणून शिकलेले, आणि त्यांतले बहुतेक चीनमध्येच राहतात: घरी कँटनीज, शांघायची वू, तिबेटी किंवा उइगुर बोलणारे. कँटनीज आणि मँडरिन बोलणाऱ्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, म्हणून चीनने १९५० च्या दशकात मँडरिनवर आधारलेली प्रमाणभाषा ठरवली आणि शाळाशाळांतून नेली. देशातल्या सुमारे ८० टक्के लोकांपर्यंत ती पोहोचल्याचं सरकारने २०२० मध्ये सांगितलं. हे काम अफाट आहे. पण हे सगळे सांधे, म्हणजे दुभाषी लोक, एकाच देशाच्या हद्दीत आहेत. इंग्रजी येणारे मात्र सुमारे १५० कोटी, आणि त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांची ती मातृभाषा नाही. ते केनियात आहेत, व्हिएतनाममध्ये आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, शीवला आहेत.

चीनला हे पुरेपूर ठाऊक आहे. त्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली आशियाई इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली. मुख्यालय बीजिंगमध्ये, सर्वांत मोठा भागधारक चीन. तिच्या करारातच लिहिलं आहे की बँकेची अधिकृत भाषा इंग्रजी. जून २०१८ मध्ये तिची वार्षिक सभा आपल्या मुंबईत भरली होती.

सिंगापूर तर या गणिताची प्रयोगशाळाच. तिथले जवळपास तीन चतुर्थांश नागरिक चिनी वंशाचे. सरकारने १९७९ पासून ‘मँडरिन बोला’ मोहीम चालवली. तिचा परिणामही झाला, पण तो हॉक्किएन, तेओच्यू अशा घरगुती चिनी बोलींवर. मलय आणि तमिळ शेजाऱ्यांशी बोलायला इंग्रजीच राहिली, आणि २०२० च्या जनगणनेत घरातली मुख्य भाषा म्हणून इंग्रजी ४८ टक्क्यांवर आणि मँडरिन ३० टक्क्यांवर होती. युरोपातही तेच. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. इंग्रजी अधिकृत भाषा असलेले आयर्लंड आणि माल्टा एवढेच दोन छोटे देश मागे उरले. संघाच्या बैठकांमधून इंग्रजी गेली नाही.

“चिनी फार अवघड, म्हणून ती चालणार नाही,” हे दुसरं उत्तर मला तितकंच चुकीचं वाटतं. लिपी कष्टाची आहे, हे खरं. वर्तमानपत्र वाचायला तीनेक हजार चिन्हं लागतात. सूरही आहेत: ‘मा’ सपाट वरच्या सुरात म्हटलं तर आई, चढत्या सुरात ताग, खाली दबलेल्या सुरात घोडा, झटकन उतरत्या सुरात खडसावणं. पण चिनीत लिंग नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. ‘तो आला, ती आली, ते आले’ शिकताना परप्रांतीयाला जो घाम फुटतो, तो तिथे फुटत नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तिथली भाषा शिकले आणि बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. १९४२ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना तिथे जाऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. शिवाय हीच ‘अवघड’ लिपी हजार वर्षांहून जास्त काळ पूर्व आशियाची सामाईक लिपी होती. जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी विद्वानांना एकमेकांचं बोलणं कळत नसे. ते समोरासमोर बसून कागदावर चिनी लिहून गप्पा मारत. व्हिएतनाममध्ये चिनी अभिजात भाषेतल्या सरकारी परीक्षा १९१९ पर्यंत चालल्या. गरज असली की माणूस अवघडही शिकतो.

मग इंग्रजी कायमची का? तसं मी म्हणणार नाही. फारसीचं काय झालं ते पाहा. ती आपल्याकडे राज्यकारभारात इतकी मुरली होती की शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घेऊन तिच्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले. तरी अर्ज, खर्च, जमीन, फिर्याद आपल्या तोंडात राहिलेच. पुढे १८३७ मध्ये कंपनी सरकारने कायद्याने तिला कचेऱ्यांतून काढलं. वर इंग्रजी आली, खाली प्रांतांच्या भाषा आल्या, आणि नोकऱ्या गेल्यावर दुभाषीही गेले. एका सत्तेला आपल्या मुलखापुरतं हे जमलं. आज सगळ्या जगाच्या नोकऱ्यांची भाषा एका हुकमाने बदलणारी सत्ता नाही, चीनही नाही. लॅटिन तशी हुकमाने गेली नाही. रोमन साम्राज्य बुडाल्यावर हजारभर वर्षांनीही ती विद्वानांची भाषा होती. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला आणि १७०४ मध्ये प्रकाशावरचा ग्रंथ इंग्रजीत. लॅटिनची जागा कुणा एका भाषेने घेतली नाही. ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा तीन-चार भाषांत वाटली गेली.

एकदा बसलेली घडी किती घट्ट असते, हे मुंबईकराला रुळांवरून कळेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. जगात जास्त प्रचार १,४३५ मिलिमीटरचा. तरी आपली लोकल आजही १,६७६ वरच धावते, कारण बदलायचं तर रूळ, डबे, फलाट सगळं एकदम बदलायला हवं. भाषेचंही असंच. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, आणि कझाक विमानातल्या कर्मचाऱ्यांचं कच्चं इंग्रजी हे त्यामागचं एक कारण होतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिकांसाठी इंग्रजीच्या कसोट्या कडक केल्या. आता त्या कसोट्यांवर जगभरचे वैमानिक तयार झाले आहेत. ती घडी मोडायला कोण जाईल?

पण २०१४ मध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आली ती १,४३५ च्या रुळांवर. तिला लोकलच्या रुळांवर चढायचंच नव्हतं. चिनीची वाढ मला अशीच होताना दिसते: इंग्रजीला न हटवता, स्वतःच्या नव्या मार्गावर. चीनचा व्यापार, चिनी कारखाने, तिथली विद्यापीठं एवढा तो मार्ग लांबेल. संशोधन-निबंधांच्या संख्येत चीनने २०१६ मध्ये अमेरिकेला गाठून मागे टाकलं, पण आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत चिनी शास्त्रज्ञ इंग्रजीतच लिहितात. त्यांनी चिनीत लिहायला सुरुवात केली आणि आपल्याकडचे विद्यार्थी ते वाचायला चिनी शिकू लागले, तर मी हा लेख बदलेन. फोनमधलं भाषांतर सुधारतं आहे, त्याने दुसरी भाषा शिकण्याची निकडच कमी होईल आणि धक्का बसलाच तर तो इंग्रजीला बसेल, चिनीला त्यातून काही मिळणार नाही.

वहिनींना मी सांगितलं, जगाची भाषा होणार म्हणून नका घालू. पण भारताचा चीनशी एवढा व्यापार असताना इथे चिनी जाणणारे फार थोडे आहेत, आणि दुर्मीळ गोष्टीला भाव असतो. पोराला आवडत असेल तर घाला. त्यांनी घातलं, चिनीच्याच पण दुसऱ्या एका क्लासमध्ये. त्या क्लासच्या कागदावर मेंदूबद्दल काही नव्हतं.

पोराचं घोडं सुरांवर अडलं. खाली दबलेला ‘मा’ काही केल्या येईना. आमच्या चौथ्या मजल्यावर पंजाबी आजी राहतात, फाळणीनंतर कोळीवाड्यात आलेल्या कुटुंबातल्या. पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, ध, भ केव्हाच झिजले आणि त्यांच्या जागी सूर आला. आजी ‘घोडा’ म्हणतात तो साधारण ‘कोडा’ असा ऐकू येतो, आणि आवाज खाली दबतो. मी पोराला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं. चौथ्यांदा तो त्यांच्यामागून म्हणाला, “मा.”

आजी म्हणाल्या, “हां, बिल्कुल ऐसे ही.”