टॉवरखालचं पाणी आम्ही गटारात का सोडतो?

दर उन्हाळ्यात पाणीकपातीची नोटीस लागली की महापे, रबाळे, ऐरोलीकडच्या डेटा सेंटरमधून, कूलिंग टॉवरच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या आम्हाला, एकच फोन येतो : "टॉवरखालून चोवीस तास पाणी वाहतंय, बंद करू का?" बऱ्याचदा फोन येतो तेव्हा व्हॉल्व्ह आधीच कोणीतरी फिरवलेला असतो. हे पत्रक त्या एका व्हॉल्व्हसाठी आहे. चिलर (सर्व्हरसाठी पाणी गार करणारं यंत्र), पंप, टॉवर कसे चालतात हे तुमच्या टीमला रोजच्या कामातून ठाऊक आहेच.

सर्व्हरची उष्णता शेवटी टॉवरवर पाण्याची वाफ होऊनच बाहेर पडते. 1 मेगावॉट उष्णता बाहेर टाकायला तासाला साधारण 1,450 लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास 35,000 लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी. क्षार मागेच राहतात. मेकअप पाण्याचा, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरलेल्या ताज्या पाण्याचा, टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 150 धरला, तरी रोज पाच किलोंहून जास्त क्षार टॉवरच्या टाकीत मागे उरतात. त्यांना बाहेर जायला ब्लोडाउन, म्हणजे टॉवरखालच्या व्हॉल्व्हमधून थोडं पाणी सोडत राहणं, ही एकच वाट आहे. ती बंद केली की ते कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता जिथे टॉवरच्या पाण्यात उतरते त्या भागाच्या) ट्यूबमध्ये बसतात, कारण कॅल्शियमचा क्षार गरम जागी आधी धरतो. बोअरचं पाणी रोज उकळलेल्या पातेल्याला आतून जो पांढरा थर येतो, तोच हा.

पाणी वाचतं किती? पाच सायकलवर, म्हणजे टॉवरमधलं पाणी मेकअपच्या पाचपट क्षारांचं झालं की सोडायचं या हिशेबाने, 1 मेगावॉटमागे दिवसाला पावणेनऊ हजार लिटर ब्लोडाउन होतं. एक टँकरसुद्धा भरत नाही.

आता नुकसान सांगतो. एका मे महिन्यात रात्री अडीचला फोन आला, चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतोय. कंडेन्सरचं कव्हर उघडलं तर ट्यूब आतून चुन्याने सारवल्यासारख्या. नखाने खरवडून काढलेली खपली अंड्याच्या कवचाएवढी जाड होती. खाली ब्लोडाउनच्या व्हॉल्व्हचा दांडा बंद करून केशरी नायलॉन दोरीने पाइपला बांधलेला. वॉचमनने पाणी वाया जाऊ नये म्हणून मनापासून केलं होतं, त्याला दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे ती दोरी तशीच होती आणि मधल्या काळात टँकरही चालू होते. लॉगशीटवर कंडेन्सरचा अ‍ॅप्रोच (आतला गॅस आणि बाहेर पडणारं पाणी यांच्या तापमानातला फरक, थर बसला की वाढतो) दीड अंशावरून पाच अंशांवर चढत गेलेला स्पष्ट दिसत होता. आकडा रोज लिहिला जात होता, पाहिला जात नव्हता. अ‍ॅसिडने डिस्केलिंग करायला, म्हणजे थर विरघळवून काढायला, दोन दिवस लागले. ते दोन दिवस सगळा हॉल एकाच चिलरवर होता, मागे स्टँडबाय काही नाही. प्रत्येक अ‍ॅसिड वॉशमध्ये तांब्याच्या ट्यूबही थोड्या झिजतात, तेही लक्षात ठेवा.

टँकरचं वेगळं सांगायला हवं. एमआयडीसीचं बारवी धरणाचं पाणी मऊ असतं, त्यावर पाच-सहा सायकल आरामात निघतात. खाडीलगतच्या बोअरचं पाणी भरून आलेल्या टँकरचा टीडीएस 900 निघाला, तर दोन सायकलच्या वर जाता येत नाही, आणि मग जेवढी वाफ तेवढंच ब्लोडाउन करावं लागतं. म्हणजे 35,000 च्या जोडीला आणखी 35,000 लिटर. स्वस्तातला टँकर असा महागात पडतो. अशा पाण्यात क्लोराइडही जास्त असतं. स्टेनलेस स्टीलच्या प्लेट हीट एक्स्चेंजरला ते खड्डे पाडतं, आणि ते खड्डे भरून येत नाहीत.

"ब्लोडाउन जास्त ठेवलं की केमिकल जास्त खपतं, म्हणून तुम्ही ठेवता," असंही आम्हाला ऐकवलं जातं. आमच्या वार्षिक करारात केमिकल धरूनच रक्कम ठरलेली असते. गटारात गेलेल्या प्रत्येक लिटरबरोबर आमचंच केमिकल जातं. गरजेपेक्षा जास्त पाणी सोडून आमचा काहीच फायदा नाही. तरीही आम्ही सोडतो, यावरून काय ते समजा. व्हॉल्व्हला आमचं सील लावतो ते याच कारणाने, आणि सील तुटलेलं आढळलं तर त्या वेळचं डिस्केलिंग करारात बसत नाही.

पाणी खरोखर वाचवायचं असेल तर कंडक्टिव्हिटी कंट्रोलर बसवा. क्षार वाढले की तो स्वतः व्हॉल्व्ह उघडतो आणि उतरले की बंद करतो, त्यामुळे चोवीस तासांची धार थांबते. आम्ही तो बसवून देतो. मेकअपला सॉफ्टनर लावला तर सायकल आणखी वाढवता येतात. ब्लोडाउनचं पाणी टॉयलेट फ्लशला वळवता येतं, मात्र झाडांना घालू नका, त्यात जिवाणू मारणारं बायोसाइड असतं. आणि बायोसाइडचा डोस कधी चुकवू नका. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात संमेलनाला आलेले लोक ज्या जिवाणूने दगावले, तो लिजिओनेला कोमट पाण्यात आणि शेवाळ-खपलीच्या आडोशाने वाढतो. तुषारांतून तो श्वासात जातो, म्हणून टॉवरवर काम करणाऱ्या माणसाला मास्क द्या.

ज्यांच्याकडे नव्या रॅकमध्ये थेट चिपपर्यंत द्रव जातो, त्यांच्यासाठी एवढंच : त्या लूपमध्ये बहुतेकदा 25 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचं तयार मिश्रण असतं. पातळी उतरली तर नळाचं पाणी ओतू नका, आम्हाला कळवा.

टँकर आलाच, तर पाइप जोडण्याआधी एका ग्लासात त्याचं पाणी घ्या, टीडीएस मीटर बुडवा आणि आकड्याचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मीटर नसेल तर पुढच्या भेटीत आम्ही एक देऊन जाऊ, करारातल्या ग्राहकांना त्याचे पैसे लागत नाहीत. व्हॉल्व्ह किती उघडायचा ते आमचा माणूस फोनवरच सांगेल, रात्र असली तरी.